उत्तर द्यायचं नाही

"गॅस बंद केला ना मी?" गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच बायकोने विचारलं.

नवऱ्याने गिअर बदलला. मागच्या सीटवर सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले.

दोघांनाही समुपदेशक बाईंची सक्त ताकीद होती. "हा चिंतेचा आजार आहे, स्वभाव नाही. 'केला, केला' म्हणालात की त्यांना दहा मिनिटं बरं वाटतं आणि अकराव्या मिनिटाला आजार पुन्हा उभा! उत्तर द्यायचं नाही. धडधड चढते, तशीच उतरते." त्याआधी घरात उपचार एकच होता : "उगाच विचार करू नकोस." नवरा विमा विकायचा. लोकांना घाबरवणं हा त्याचा व्यवसाय. घरात कुणी फुकट घाबरलेलं त्याला चालत नसे.

आज अकराला शाळेतल्या ग्रंथपालाच्या कायम जागेसाठी तिची मुलाखत होती. आधीच्या दोन मुलाखती अर्ध्या रस्त्यातून गॅस बघायला परतण्यात गेल्या होत्या. तिसरी हुकली की संपलं.

"अहो, सांगा ना! केला ना?"

"आज उकडतंय, नाही?" नवरा म्हणाला.

तिची धडधड चढली. डोळ्यांपुढे पडदे पेटले, वरच्या मजल्यावरचे आजोबा चादरीला लटकून खिडकीतून उतरू लागले. तिने पुढच्या बसवरची जाहिरात वाचली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत आजोबा सुखरूप खाली पोचले होते. पुलापाशी धडधड खरंच उतरली.

"पण अरे," मागून आवाज आला, "तू पाहिलास ना, बंद होता तो?"

"मी? मला वाटलं, तू पाहिलास!"

"मी कशाला बघू? उत्तर द्यायचंच नव्हतं ना!"

नवऱ्याने करकचून ब्रेक दाबला. "आई, आपल्याच घराचा विमा काढायचा राहिलाय गं!"

"मग वळव आधी!"

"वळवा," बायको दार उघडत म्हणाली, "मी बसने जाते."

मुलाखतीत तिला पुस्तकांबद्दल विचारलं, ती पुस्तकांबद्दल बोलली. "सोमवारपासून या," म्हणाले. बाहेर येऊन बघते तर नवऱ्याचे चौदा फोन.

"गॅस बंदच होता," त्याचा आवाज पार खोल गेला होता. "मग गीझर बघितला. मग इस्त्री, मग नळ. तीनदा कुलूप लावलं, तीनदा उघडलं. दोनला मला गिऱ्हाइकाकडे पोचायचंय आणि आमचा दोघांचा पाय घरातून निघत नाहीये."

"मग?"

"आई म्हणते, तूच ये आणि कुलूप लाव. तुला जमतं."

"येते हं," म्हणून तिने फोन ठेवला, आणि समोरच्या दुकानात शिरून अगदी निवांत चपलांचे सात जोड पायात घालून पाहिले.