डाव्या गुडघ्याचा निरोप समारंभ

ऑलिंपिकसाठी निवड झाली तेव्हा आपला डावा गुडघा तेवीस वर्षांचा होता की चोवीस, हे डॉ. शांतवन उजागरे यांना खात्रीने आठवत नसे. निवड गुडघ्याचीच झाली होती, याबद्दल मात्र दुमत नव्हते. हॉकी संघाच्या यादीत 'गोलरक्षक : डावा गुडघा' असे होते आणि खाली, बारीक अक्षरात, 'सोबत : श्री. उजागरे'.

प्रत्येक सामन्याआधी बाकीचे दहा जण गुडघ्याला हात लावून कपाळाला लावत. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला पेनल्टी स्ट्रोक अडला, एका गोलची आघाडी टिकली, सुवर्णपदक मिळाले. अहमदनगरात गुडघ्याची मिरवणूक निघाली. पुढे उजागऱ्यांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट घेतली, तीस वर्षे कॉलेजात शिकवले. पण ओळख करून दिली की लोक खालीच बघत. त्या सामन्यात आपण खेळलो की नुसते हजर होतो, हे त्यांना कधीच ठरवता आले नाही.

ऐंशीव्या वर्षी गुडघा झिजला. जिना चढवेना. सांधा बदलण्याआधी डॉक्टरांनी क्रीडा कार्यालयाचा ना-हरकत दाखला मागितला.

"अर्जदार कोण?" कार्यालयातल्या चौगुलेबाईंनी विचारले.

"मी."

"तुम्ही कसे, काका? तुम्ही तर सोबत गेला होतात. आणि खेळाडू अजून निवृत्त कुठे झालाय?"

"अहो बाई, दुखतंय मला."

"ते तुम्हाला. खेळाडूची काही तक्रार आहे का?"

उजागरे गोंधळले. दुखणे नेमके कोणाचे, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

"अहो, करून टाका एकदाचा निरोप समारंभ," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मार्थाबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं तेल चोळतेय मी त्याला. पहिल्या रांगेत तरी बसेन."

समारंभ झाला. गुडघ्यावर शाल पांघरली, मांडीवर नारळ ठेवला. अध्यक्षांनी सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलायची विनंती केली, तेव्हा उजागरे कागद काढून उठू लागले.

"तुम्ही बसा हो," अध्यक्ष हळूच म्हणाले.

बसताना गुडघा 'कट्' वाजला. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मार्थाबाईंनी डोळे पुसले. कागद खिशातच राहिला.

शस्त्रक्रिया नीट झाली. उजागरे जिना चढू लागले. शंका मात्र तशीच होती.

चार वर्षांनी त्या सामन्याची चित्रफीत मिळाली. ती त्यांनी सात वेळा पाहिली, मग मार्थाबाईंना दाखवली. चेंडू उजव्या गुडघ्यावर आदळला होता.

दुसऱ्या दिवशी ते काठीशिवाय क्रीडा कार्यालयात गेले. चौगुलेबाईंनी चष्मा लावून मूळ यादी दोनदा वाचली. उजव्या गुडघ्याचे नाव तीत कुठेच नव्हते. तो 'सोबत' या सदरात मोडत होता.