काटेसाहेबांची भरगाडी

“बाबा, हा तक्ता फ्रिजच्या दारावरून काढायचा नाही,” मुलगी म्हणाली आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून तिने तो असा बसवला, की फ्रिज विकला असता तरच तक्ता हलला असता.

तक्त्यात ताटाचं चित्र होतं. अर्ध्या ताटात भाज्या, पाव भागात धान्य, उरलेल्या पाव भागात डाळ नाहीतर अंडी. शेजारी दही आणि एक फळ. प्रत्येक गोष्टीपुढे ग्रॅम लिहिलेले, कंसात वाट्यांचा अंदाज. आणि खाली लाल शाईत दोन ओळी: ‘शिळं खायचं नाही. चहा-बिस्किटं म्हणजे जेवण नाही.’

दुसरी ओळ बाबांना चांगलीच लागली. सहा महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून त्यांची तिन्ही वेळची जेवणं त्या ओळीत मावत होती.

“आज दवाखान्यात चोपन्न किलो भरलात. महिन्याने परत वजन करू. दोन किलो वाढलं तर राहा इथेच. नाही वाढलं तर घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे. कबूल?”

“कबूल,” बाबा म्हणाले. मुलीचं घर चांगलं होतं, जावई तर घराहून चांगला. पण इथे स्वयंपाकघरात एक फळी होती. तिच्यावरच्या डब्यांना आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. डबे कुठेही नेता आले असते. फळी नेता आली नसती.

सैल झालेलं घड्याळ मनगटावर परत वर ढकलत मुलगी निघून गेली.

बाबांची बत्तीस वर्षं वजनकाट्यावर गेली होती. भरलेला ट्रक मोजायचा, माल उतरला की रिकामा मोजायचा, वजाबाकी करायची, पावती फाडायची. वजन वाढावं म्हणून मालाखाली दगड दडवणारे ड्रायव्हर त्यांनी नुसत्या टायरकडे बघून पकडले होते. त्यांना काटेसाहेब म्हणत, ते उगाच नाही. अशा माणसाला ‘वाटीभर डाळ घ्या’ सांगून भागत नाही.

“वाटी म्हणजे भांडं. माप नव्हे,” त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुलीला फोनवर सुनावलं.

“अहो, अंदाजाने घ्या ना!”

“अंदाजाने मी आयुष्यात एक वीटसुद्धा सोडली नाही.”

त्यांनी न्हाणीघरातला वजनाचा काटा स्वयंपाकघरात आणला. रिकामं पातेलं घेऊन त्यावर उभे राहिले: ही रिकामी गाडी. पातेल्यात गाजर टाकून उभे राहिले: ही भरगाडी. काटा ढिम्म. दोन गाजरं. ढिम्म. माणसं मोजणारा तो काटा, अर्ध्या किलोखाली कशाची दखलच घेत नव्हता. तेव्हा बाबांनी सगळंच अर्धा अर्धा किलो घेतलं. भाज्या अर्धा किलो, तांदूळ अर्धा किलो, मसूर अर्धा किलो. मसूर शिजल्यावर किती फुगतात, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ट्रकमधला माल शिजत नाही.

दुपारी एक वाजता ओट्यावर तीन पातेली उतू जात होती आणि फ्रिजवर लाल शाई बजावत होती: ‘शिळं खायचं नाही.’

बाबांनी वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताईंना हाक मारली आणि खालच्या सलूनवाल्याला बोलावणं पाठवलं. पण मोजल्याशिवाय माल उतरवून घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. काटा दारात मांडला होता.

“मला काय ट्रक समजलात, भाऊ?” ताई दारातच अडल्या.

“छे! ट्रक चपला घालून चढत नाही.”

जेवणाआधी एक वजन, जेवणानंतर एक. वजाबाकी म्हणजे पोटात गेलेला माल. सलूनवाल्याने पहिल्याच दिवशी कात्री खिशात ठेवून वजन करून घेतलं. बाबांनी ती न बघता काढायला लावली. पण मग त्यानेच पेच टाकला.

“साहेब, आमच्या पावत्या फाडल्यात. तुमची कोण फाडणार?”

बाबांना काट्यावर चढावं लागलं. म्हणजे मग जेवावंही लागलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्यासमोर ताट होतं आणि ताटापलीकडे माणसं होती.

“भाऊ, डाळीला चव नाही हो,” ताई म्हणाल्या.

“तक्त्यात चव लिहिलेली नाही.”

“थांबा, मिरी कुटून घालते. खल इथे दिसतोय. बत्ता कुठंय?”

बाबांनी खुंटीवर एका बाजूला झुकून लटकलेल्या जाड कोटाकडे एकदा पाहिलं. “असेल कुठेतरी. लाटण्याने चेचा.”

दुसऱ्या दिवशी ताई आपल्या बहिणीला घेऊन आल्या. सलूनवाल्याने अर्धवट दाढी झालेलं एक गिऱ्हाईक आणलं. आठवड्याभरात भाजी चिरायला, अंडी उकडायला, फळं वाटायला वेगवेगळे हात लागले आणि जिन्यात रांग लागू लागली. रविवारी मुलगी अचानक आली, तेव्हा ती रांग दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलेली होती.

“बाबा! हे काय चाललंय?”

“ताई, रांगेतून या,” सलूनवाला म्हणाला. “आणि चपला काढा.”

“मला नको. मी बिस्किटं खाऊन आलेय,” असं म्हणून ती आल्या पावली परत गेली. घड्याळ जवळजवळ कोपरापाशी पोचलं होतं.

महिना भरला. दवाखान्यातल्या काट्यावर बाबा चढले. लाल आकडे थरथरले आणि थांबले: पंचावन्न.

“एकच किलो,” मुलगी हळूच म्हणाली. “बाबा, ठरलं होतं आपलं.”

“ठरलं होतं,” बाबा म्हणाले. ते काट्यावरून उतरले, पिशवी उघडली आणि तिच्यातून आईचा लोखंडी बत्ता काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. टेबल दणकन वाजलं.

“हे काय?” डॉक्टर दचकले.

“गेल्या महिन्यात भरगाडी चढली होती. हा कोटाच्या आतल्या खिशात होता.”

मुलीला कळायला थोडा वेळ लागला. “तुम्ही? बत्तीस वर्षं तुम्ही ड्रायव्हरांना पकडलंत आणि तुम्ही बत्ता लपवलात?”

“पकडायचो, म्हणून तर कुठे लपवायचा ते माहीत होतं. बावन्न आकडा दिसला असता तर तू त्याच दिवशी मला घेऊन गेली असतीस. आणि घाबरली असतीस, ते वेगळंच. डॉक्टर, बत्ता काट्यावर ठेवा.”

बत्ता एक किलो आठशे ग्रॅम भरला. वजाबाकी डॉक्टरांनी स्वतः केली, मग बाबांनी तपासली.

“म्हणजे खरं वजन वाढलंय दोन किलो आठशे,” डॉक्टर म्हणाले. “काटेसाहेब, मानलं!”

मुलगी हसली. मग हातात बत्ता घेऊन ती भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता बराच वेळ वाचत राहिली. बत्त्याच्या दांड्यावर, मुठीच्या जागी, लोखंड आईच्या हाताने गुळगुळीत झालं होतं.

“कुलूप?” बाबांनी विचारलं.

“नाही लावायचं,” ती तिकडेच बघत म्हणाली.

“बरं. आता तू चढ.”

“मी कशाला?”

“महिनाभर तुझं घड्याळ बघतोय मी. टायर बघून वजन ओळखायचो. चढ.”

ती चढली. आकडे स्थिरावण्याआधीच बाबांनी हात पुढे केला. “खांद्यावरची पर्स दे.”

तिने पर्स दिली.

“बत्ता.”

तिने बत्ता दिला.

“जाकिटाचा खिसा.”

तिने खिशातून बिस्किटांचा पुडा काढून दिला. आता खरा आकडा उमटला, बाबांनी घड्याळावरून ओळखला होता तेवढाच कमी. बाबांनी डॉक्टरांच्या टेबलावरचं लाल पेन उचललं, चिठ्ठीवर आकडा लिहिला, तारीख घातली आणि खाली एक ओळ लिहून पावती तिच्या हातात दिली: ‘चहा-बिस्किटं म्हणजे जेवण नाही. रविवारी एक वाजता. रांगेतून यावे.’