निवृत्तीची रंगीत तालीम

निवृत्तीला माणसं घाबरतात, याचं मला हसू येतं. अहो, बस डेपोत चौतीस वर्षं कंट्रोलर म्हणून बसलेल्या माणसाला कसली आलीय भीती! कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, हे ज्याच्या बोटांवर नाचतं, त्याला स्वतःची गाडी थांब्याला लावता येणार नाही होय? माझी निवृत्ती इतकी आखीव होणार होती की लोकांनी बघायला यावं!

आले. तेच सांगतो.

दोन महिने उरले तेव्हा मी एका वर्गात नाव घातलं. बँकेच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी, निवृत्तीला टेकलेल्या लोकांना गुंतवणूक शिकवायचा वर्ग. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. महागाई पैसे कशी कुरतडते, सगळी रक्कम एकाच ठिकाणी का ठेवू नये, व्याजावर व्याज कसं चढतं, हे त्या असं सांगायच्या की पाकळी पाकळी उलगडत जावी. मी जिने दोन-दोन पायऱ्या टाकत उतरायचो!

तिसऱ्या शनिवारी बाई म्हणाल्या की निवृत्तीची रक्कम एकदाच हातात येते, आणि तिच्यावर तुम्हा दोघांचं उरलेलं आयुष्य चालायचं असतं. तेव्हा ती कुठे गुंतवायची हे ठरवण्याआधी महिनाभर निवृत्तीनंतरच्या मिळकतीतच घर चालवून बघा. घरच्यांना विश्वासात घ्या, असंही त्या म्हणाल्या. मी ते लिहून घेतलं आणि लगेच खोडलं. तपासणी आधी कळवली की सगळ्या गाड्या वेळेवर सुटतात, हे डेपोतल्या माणसाला कोणी शिकवायचं? खरं काय ते न कळवताच दिसतं!

पहिल्या तारखेला बायकोच्या हातावर नेहमीपेक्षा निम्मे पैसे ठेवले. तिने पैशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंडाला कुलूप लावलं. माझी रिक्षा बंद, पेपर बंद, कँटीनचा चहा बंद. चपलेचा अंगठा तुटला तर तो खिळा मारून बसवला. वहीत रोज नोंद करायचो आणि स्वतःलाच शाबासकी द्यायचो.

आमची ही स्वयंपाक करताना गुणगुणते. तो सूर कानावर आला की घराला एक खिडकी जास्त आहे असं वाटतं. दहाव्या दिवशी ते गुणगुणणं थांबलं. आणि मी मूर्खाने वहीत काय लिहावं? ‘घरात शांतता. काटकसर अंगवळणी पडली.’

अंगवळणी कसली पडतेय! माझी नोकरी गेली असावी, असं तिने बहिणीला फोन करून सांगितलं होतं. बहिणीने ते नवऱ्याला सांगितलं. हा आमचा साडू म्हणजे बातमी पोटात ठेवली की अजीर्ण होणारा माणूस. त्याने डेपोत येऊन भोंग्याला गाठलं. भोंगा हा आमचा ड्रायव्हर. गाडी उभी असली तरी हॉर्नच्याच आवाजात बोलतो. नोकरी शाबूत आहे, असं भोंग्याने सांगितलं. पण साहेबांनी चहा सोडलाय, पायी येतात, दर शनिवारी कसल्याशा गुंतवणुकीच्या वर्गाला जातात, हेही सांगितलं. दोघांनी डोकं लावलं आणि दोन दिवसांत डेपोभर झालं, की साहेबांनी फंडातून उचल घेतली आणि वर्गवाल्या बाईंनी ती गिळली!

मुलीने परस्पर आईला पैसे पाठवले. माझं ऐकून वर्गाला यायला निघालेले डेपोतले तीन मेकॅनिक मागे फिरले. माझ्या टेबलावर कोणीतरी गुपचूप चहा ठेवून जाऊ लागलं. मला वाटलं, निरोपाचा दिवस जवळ आल्यामुळे प्रेम उतू चाललंय! मी भरल्या डोळ्यांनी तो चहा प्यायलो आणि वहीत ‘बचत’ म्हणून मांडला.

एकोणिसाव्या दिवशी शनिवार होता. बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला: तुमची गुंतवणूक वर्षभरात पाचव्या हिश्शाने घसरली, तर काय कराल? मी सगळ्यांच्या आधी हात वर करून सांगितलं की मी ढिम्म हलणार नाही. तेवढ्यात दार उघडलं. पुढे भोंगा, मागे साडू, चार कंडक्टर, आणि शेवटी माझी बायको.

“आमच्या साहेबांचे पैसे आधी खाली ठेवा,” भोंगा बाईंना म्हणाला, “फळा मग पुसा.”

साडू पोलिसांत जायची भाषा करू लागला. पुढच्या रांगेतलं एक जोडपं पिशव्या उचलून जिन्याकडे निघालंसुद्धा. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठलो. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तालीम, वही, न कळवता केलेली तपासणी, सगळं ओकलो. तेही इतक्या बारीक आवाजात की भोंग्याने दोनदा पुन्हा सांगायला लावलं.

वर्ग हसला. ही हसली नाही.

“एकोणीस दिवस मी समजत होते, सगळं गेलं,” ती म्हणाली. “तुम्ही हाय खाल म्हणून विचारलं नाही. माझं डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. शेजारच्या मुलांना गाणं शिकवायला लागले. निम्म्यात घर चालवलं, वर थोडे उरलेत. आणि तुम्ही मला तपासत होतात?”

“तपासणी नव्हती गं, तालीम होती.”

“तालमीत सगळ्यांना नाटक माहीत असतं.”

मी तिथेच, सगळ्यांदेखत, डॉक्टरांना फोन लावून ऑपरेशनची तारीख परत मिळवली. बाईंनी फळ्याकडे पाहिलं, माझ्या ओल्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, “काका, हा प्रश्न काकूंनी सोडवलाय.”

आता वर्गात पुढच्या खुर्चीवर ही बसते. मागे तीन मेकॅनिक आणि भोंगा. निवृत्तीची रक्कम आली तेव्हा तिचे तीन भाग झाले: थोडी हाताशी, बरीचशी मुदत ठेवीत, आणि उरलेली बाजाराच्या चढउतारात. हा तिसरा भाग एकटी बायकोच बघते. बाजार घसरला की मला आकडा सांगत नाही; चष्मा सारखा करून एवढंच म्हणते, “तुम्ही जरा बागेत फिरून या.”

मागच्या आठवड्यात मी पाच वेळा फिरून आलो. शेवटी माळ्यानेच आपुलकीने विचारलं, कामाच्या शोधात आहात का. झाडांना पाणी घालायला त्याला माणूस हवाय!