माशाच्या निधनाबाबत शाळेचे धोरण

ब्रिस्टलमधल्या एका प्राथमिक शाळेत, दुसरीच्या वर्गात, सोमवारी सकाळी एक मासा वारला. कारण वार्धक्य.

या वार्धक्याविषयी थोडं सांगायला हवं. मासा किलीफिश जातीचा. आफ्रिकेत पावसाचं पाणी साचून जी डबकी होतात, त्यांत हा जन्माला येतो. डबकं आटायच्या आत मोठं व्हायचं, रंगात यायचं, लग्नकार्य उरकायचं, चिखलात अंडी घालायची आणि डबक्याबरोबर संपायचं, असा सगळा कार्यक्रम त्याने काही महिन्यांत बसवलेला असतो. अंडी मात्र वाळलेल्या मातीत पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. पाणी मिळालं की पुन्हा पहिल्यापासून.

हे मासे वर्गात आणले होते वर्गशिक्षिका वरदाने, आणि वरदाने ते आणले होते आईकडून. तिच्या आई डॉ. मंजिरी पुण्याहून भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलात आल्या, इथेच निवृत्त झाल्या आणि यजमान गेल्यावर रिकाम्या घरात किलीफिश पाळू लागल्या. अंडी झोपवून ठेवायची आणि वेळ झाली की उठवायची. धंदा तोच, फक्त पेशंट लहान, असं त्या म्हणत.

मुलांनी मेलेला मासा नीट पाहिला. त्याला दुखलं का, त्याचे डोळे उघडे का, त्याची अंडी कुठे आहेत, असं सगळं विचारलं. वरदाने खरं ते सांगितलं. माशाला मैदानाच्या कडेला पुरण्यात आलं आणि वर्ग जेवायला गेला. त्या दिवशी पास्ता होता. सगळ्यांनी दोनदा घेतला.

प्रकरण इथेच मिटायचं. पण संध्याकाळी एका पालकाचा फोन आला. त्यांच्या मुलीने जेवताना मृत्यूचा विषय काढला होता आणि ती अजिबात रडली नव्हती. हे काळजीचं नाही का?

हेडटीचर मिसेस व्हिटकम फार प्रेमळ बाई. शाळेच्या परिवारात कोणाचंही निधन झालं, तर काय करायचं याचं त्यांच्याकडे धोरण होतं, आणि मासा परिवारात मोडत नाही असं त्या धोरणात कुठेही म्हटलं नव्हतं. त्यामुळे असेंब्लीत मौन पाळण्यात आलं. बाहेरून समुपदेशक आल्या. त्यांनी मुलांना गोल बसवून आत काय वाटतंय ते विचारलं. बहुतेकांना भूक लागल्यासारखं वाटत होतं. समुपदेशकांच्या मते हा दुःख नाकारण्याचा टप्पा होता. तासाभराच्या प्रयत्नांनंतर दोन मुलं रडली आणि सत्र यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

गुरुवारी दुसरा मासा गेला. पुढच्या आठवड्यात तिसरा.

"आई, अजून एक मासा मेली," इंग्लंडमध्येच वाढलेल्या वरदाने फोनवर सांगितलं.

"मेला," मंजिरीबाई म्हणाल्या. "मेल्यावरही लिंग बदलत नाही."

पावसाळी डबक्यातल्या जिवांनी धोरणाचा विचार केलेला नव्हता. ते वेळेवर जन्मले होते आणि वेळेवर मरत होते. हाफ टर्मच्या सुट्टीपर्यंत शाळेत इतकं मौन पाळून झालं, की त्यासाठी पीटीचा तास काढून घ्यावा लागला. मग मिसेस व्हिटकमनी वरदाला बोलावलं, आधी तिच्या सगळ्या कष्टांचे आभार मानले, आणि मुलं यायच्या आत मेलेल्या माशाच्या जागी नवा सोडावा, असं सुचवलं. वरदाला हे पटलं नाही. मुलांशी खोटं बोलायचं नाही, असंही शाळेचं एक धोरण आहे, हे तिने सांगून पाहिलं. खोटं कुठे बोलायचंय, बोलायचंच नाहीये, असं उत्तर मिळालं. वरदाने तसं केलं.

मुलांना फरक पहिल्याच दिवशी कळला. मासा तरुण झाला होता. पाणी बदललं की म्हातारे पुन्हा तरुण होतात, असं काहींनी घरी जाऊन आजोबांना सांगितलं. एका आजोबांनी शाळेत येऊन चौकशीही केली.

आता शाळेच्या गव्हर्नर मंडळाची बैठक भरली. जास्त जगणारा प्राणी आणावा, असं ठरत आलं होतं. कासवाचं नाव पुढे आलं. पण कासव सगळ्या शिक्षकांच्या मागे उरलं, तर त्याचं समुपदेशन कोण करणार, या मुद्द्यावर ते मागे पडलं. शेवटी वरदाने विचारलं, की टाकीतून काढलेल्या अंड्यांच्या मातीचं काय करू? तिने प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. मंडळाने ती बारकाईने पाहिली. पिशवी हलत नव्हती, खात नव्हती आणि मरतही नव्हती.

मातीची पिशवी वर्गाचा अधिकृत पाळीव प्राणी म्हणून एकमताने मंजूर झाली. अट एकच: पाणी घालू नये, कारण पाणी घातल्यास जीव निर्माण होण्याचा आणि परिणामी तो जाण्याचा धोका संभवतो.

शनिवारी वरदा आईकडे गेली आणि हे सगळं तिने साग्रसंगीत सांगितलं. मंजिरीबाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वरदाही हसली. मरणाला एवढी घाबरतात ही माणसं, ती म्हणाली, आणि मुलांना काय शिकवणार?

"खरंय," मंजिरीबाई म्हणाल्या. चष्मा त्यांनी हातातच धरला होता. "विषय निघालाच आहे तर सांगून ठेवते. परवा माझा स्कॅन झाला. पुढे वेळ आली, तर मला उगीच मशीनला जोडून ठेवू नका. आणि मी गेल्यावर..."

वरदा उठून उभी राहिली.

"आई, प्लीज. असं अभद्र नको ना बोलू. चहा ठेवू?"

"आत्ताच झाला."

"मग परत ठेवते," वरदा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने किटली भरली, आधीच धुतलेले कप पुन्हा धुतले आणि पाणी उकळून गेल्यावरही बराच वेळ बाहेर आली नाही.

वरदाला हसायची घाई करू नका. तुमच्याही घरात कोणीतरी "मी गेल्यावर" असं म्हणून एक वाक्य सुरू केलं असेल. ते पूर्ण झालं, तेव्हा तुम्ही त्या खोलीत होतात का?