तीन घोड्यांचं खोगीर

आमच्या सोसायटीत लोक वाटी घेऊन साखर मागायला येतात. मोहितेकाका कीबोर्ड घेऊन कॉम्प्युटर मागायला येतात.

दुपारच्या चहाच्या वेळी बेल वाजते. दारात काका, आणि काखेत जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट. नवख्या माणसाला वाटेल, तान्हं मूल घेऊन दवाखान्यात निघालेत. "सूनबाई, घोडा मोकळा आहे ना?" असं विचारत ते चपला काढतात. सूनबाई म्हणजे माझी बायको सुनंदा. घोडा म्हणजे आमच्या मुलीचा कॉम्प्युटर. मुलगी नोकरीला बंगळूरला गेली, कॉम्प्युटर आणि त्यातला संगीताचा प्रोग्राम इथेच राहिला. काकांनी दोघांना दत्तक घेतलं.

चादरीतली वस्तू म्हणजे मिडी कीबोर्ड. पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर आठ गोल बटणं. काका अशा बटणांना रेडिओच्या काळापासून 'कान' म्हणतात, कारण ती पिळायची असतात. पण या वाद्याला स्वतःचा आवाज अजिबात नाही. नुसतं टेबलावर ठेवून कितीही बडवा, टकटक होते तेवढीच. कॉम्प्युटरला वायर जोडली की मग आतला प्रोग्राम सतार म्हणेल ती सतार आणि ढोल म्हणेल तो ढोल.

काकांकडे कीबोर्ड आहे, कॉम्प्युटर नाही. त्यामुळे त्यांचं संगीत तीन घरांत पसरलंय. सतार आमच्याकडे. ढोल तिसऱ्या मजल्यावर जिग्नेशभाई पटेलांकडे. ते घरूनच लग्नाचे व्हिडिओ जोडतात, म्हणून त्यांच्याकडे प्रोग्राम आहे. तानपुरा तळमजल्यावर खरेबाईंकडे. बाई युनिव्हर्सिटीत संस्कृत शिकवायच्या, आणि त्यांच्या लॅपटॉपमध्ये नातवानं जाताजाता एक फुकटचा प्रोग्राम घालून ठेवलाय. तिन्ही प्रोग्राम वेगळे, आणि तिघांत मिळून कीबोर्ड एक.

"खोगीर एकच, घोडे तीन," काका अभिमानानं सांगतात. त्यांचे पणजोबा इथल्या महाराजांच्या पागेत होते. एकाच खोगिरावर तीन घोडे फिरवायचे, अशी घरात आख्यायिका आहे. काका स्वतः वीज कंपनीत फोरमन होते आणि घोडा त्यांनी फक्त कमाटीबागेतल्या पुतळ्यातच पाहिला असेल. तरी वायर जोडताना ते कॉम्प्युटरच्या पाठीवर थोपटतात.

एकदा मी त्यांना म्हटलं, "काका, ढोल आमच्या प्रोग्राममध्येही आहे की."

"असेल. पण ढोलाला पटेलांच्या घरचंच पाणी लागतं."

आता गंमत अशी, की कान तोच असला तरी प्रत्येक प्रोग्राममध्ये त्याचं काम निराळं. तिसरा कान पिळला की आमच्याकडे आवाज कमी-जास्त होतो, पटेलांकडे लय वाढते, खरेबाईंकडे घुमारा येतो. हे लक्षात राहावं म्हणून काकांनी लहरीपुऱ्याच्या बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. लाल टिकली आमची, हिरवी पटेलांची, पिवळी खरेबाईंची. प्रत्येक कानाभोवती तीन रंगांच्या टिकल्या. तो कीबोर्ड नेहमी हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसायचा.

तरीही व्हायचं ते झालंच. गेल्या गणपतीत पार्किंगमधल्या मांडवात काकांनी आरतीला साथ करायचं ठरवलं. पटेलांचा लॅपटॉप खाली आणला. आरती सुरू झाली, ढोल जरा कमी वाटला, म्हणून काकांनी तिसरा कान पिळला. डोक्यात लाल टिकली, समोर हिरवा घोडा. आवाज तेवढाच राहिला आणि लय सुसाट सुटली. काकांना वाटलं, अजून वाढायला हवा. त्यांनी अजून पिळला. दुसऱ्या कडव्याला लोकांना श्वास पुरेना. तिसऱ्या कडव्याला जिग्नेशभाईंच्या आईंनी पदर खोचला, टाळी दिली आणि गणपतीभोवती गरबा धरला. मग काय, सगळी सोसायटी फिरायला लागली. एकट्या खरेबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी आरती आपल्या लयीत म्हटली आणि सगळ्यांच्या नंतर सावकाश संपवली. "मोहिते," त्या म्हणाल्या, "देवाला घाई नसते." पण पुढच्या वर्षीही तशीच आरती हवी, असा लहान मुलांचा ठराव झालाय.

या प्रकारानंतर जिग्नेशभाईंनी मनावर घेतलं. त्यांनी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना स्वच्छ पुसून काकांना द्यायचा ठरवला. त्यात तिन्ही प्रोग्राम घातले आणि एक रविवार खर्चून तिन्हींत सगळे कान सारखे करून दिले. तिसरा कान म्हणजे कुठेही आवाजच. आम्ही सगळे मिळून काकांच्या फ्लॅटवर गेलो. खरेबाईंनी लॅपटॉपला कुंकू लावलं.

"काका, हवे घेर बेठां बधुं वागशे," जिग्नेशभाई खुशीत म्हणाले. आता घरबसल्या सगळं वाजेल. कुठे जायला नको, यायला नको.

काका लॅपटॉपकडे बघत राहिले. "फावेल," ते म्हणाले, म्हणजे जमेल. एरवी ते दोन वाक्यांत दहा घोडे आणतात. त्या दिवशी एकच शब्द आला, आणि तो आम्ही आनंद म्हणून धरला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बेल वाजली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सुनंदा सवयीनं तीन कप चहा टाकत होती आणि उरलेला मला पाजत होती. पटेलांकडे चौकशी केली, तिथेही काका आले नव्हते. खरेबाई म्हणाल्या, "वाजवत असतील घरी." पण काकांचा फ्लॅट आमच्या डोक्यावरच आहे, आणि वरून काही ऐकू येत नव्हतं.

शेवटी मीच वर गेलो.

दार उघडंच होतं. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेला कीबोर्ड, आणि काका समोर हात मांडीवर ठेवून बसलेले. काकांनी लग्न केलं नाही. बहिणी होत्या, त्या आपापल्या घरी म्हाताऱ्या झाल्या. त्या खोलीत एकच खुर्ची आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, कारण बसायला मला पलंगावर जावं लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे बसायला असा कधी आलोच नव्हतो. तेच यायचे.

कीबोर्डवरच्या टिकल्या त्यांनी काढून टाकल्या होत्या. कान सगळीकडे सारखेच झाले, मग रंग कशाला? कीबोर्ड अगदी कोरा दिसत होता.

"अरुण, हा घोडा अडतो," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिसरा कान चालत नाही. जिग्नेशला सांगू नको, वाईट वाटेल त्याला. गुणी पोरगा आहे."

"बघू," म्हणत मी उठलो. एक पट्टी दाबून धरली. तानपुरा लागला. तिसरा कान हळूच पिळला. आवाज वाढत गेला, खोली भरली, खिडकीचं तावदान थरथरलं. उलटा पिळला, आवाज गुमान उतरला. इतका शहाणा घोडा पागेतही नसेल.

काका आता कीबोर्डकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या पोराचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा होता.

"अडतो खरा," मी म्हटलं. "याच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडेच या."

"मी तेच म्हणतोय कधीचं," काका म्हणाले, आणि मी पुढे काही बोलायच्या आत त्यांनी वायर काढली. चादर सापडेना, तर तसाच उघडा कीबोर्ड काखेत मारून जिना उतरायला लागले. मी मागे. अर्ध्या जिन्यात त्यांनी मला बजावलं, की ढोलाचं काम बरंच साचलंय, उद्या पटेलांकडे जावं लागेल, आणि परवा खरेबाईंना वेळ आहे का ते विचारायला हवं.

सुनंदानं दार उघडलं. आधी काकांकडे बघितलं, मग त्या कोऱ्या कीबोर्डकडे. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. आत गेली, गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि आरशापाशी ठेवलेलं आपलं टिकल्यांचं पाकीट घेऊन बाहेर आली.

"काका," ती म्हणाली, "लाल ना आपली?"