आत्याबाईंच्या नावाचं सीताफळ

"जित्या माणसाच्या नावाची पाटी मातीत रवत्यात व्हय कुठं?"

मी भाकरी थापत होते आणि आत्याबाई माझ्या कानापासून वीतभर अंतरावर लसूण सोलत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, झुंबरबाई. वय ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे, ते त्यांनाही ठाऊक नाही. मी ऐकलंच नाही असं दाखवलं, कारण ती पाटी रोवायची कल्पना माझी होती. आणि खरं सांगते, इतकी चांगली कल्पना आमच्या कर्जत तालुक्यात गेल्या दहा वर्षांत कुणाला सुचली नसेल!

आमच्या गावच्या शाळेत दरवर्षी जुलैत वृक्षारोपण होतं. सत्तावीस खड्डे. दरवर्षी तेच सत्तावीस खड्डे! पोरं रोपं लावतात, फोटो निघतो, दिवाळीपर्यंत रोपांच्या काड्या होतात. पुढच्या जुलैत पोरं काडी उपटतात आणि त्याच खड्ड्यात नवं रोप. खड्ड्यांना आता फोटोची सवय झालीय.

माझी लेक सृष्टी सहावीत, म्हणून मी शाळेच्या समितीवर. माझी स्वतःची शाळा सातवीला सुटली; पुढचं सगळं मी लेकीच्या पुस्तकांतून आणि लोकांच्या भानगडींतून शिकले. यंदा बैठकीत वैजनाथ गुरुजी झाडं जगत नाहीत म्हणून कपाळाला हात लावून बसले, तेव्हा मी उभी राहिले.

"गुरुजी, शाळेच्या झाडाला कोण पाणी घालणार? प्रत्येक झाडाला पोराच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव द्या. नाव, फोटो, सगळं. मग बघा गंमत."

आता, आमच्या भागात माणूस गेलं की त्याची राख खड्ड्यात घालून वर झाड लावतात आणि झाडाजवळ नावाची पाटी रोवतात. ही पद्धत मला माहीत नव्हती असं नाही. ती त्या वेळी आठवली नाही, एवढंच.

सत्तावीस पोरांनी सत्तावीस म्हातारी माणसं निवडली. पत्र्याच्या पाट्या रंगवल्या, फोटो डकवले. आणि गावात चमत्कार झाला. ज्या श्रीमंतअण्णांनी उभ्या जन्मात शेजाऱ्याला तांब्याभर पाणी दिलं नव्हतं, ते डाळिंबाच्या बागेतली नळी काढून स्वतःच्या नावाच्या वडाकडे निघाले. मुबारकबी चाची रोज सकाळी खुर्ची घेऊन आपल्या बदामासमोर बसू लागल्या. कडूबाईनं तर आपल्या चिंचेची पानं मोजून ठेवली होती आणि शेजारच्या झाडाला दोन पानं जास्त आली की तिला जेवण जात नव्हतं. पोरं मधल्या सुट्टीत ताटं विसळून पाणी झाडांना घालायची. गुरुजी मला म्हणाले, "ताई, तुमचं डोकं म्हणजे डोकं आहे." मी पदर सावरला.

आत्याबाईंनी सीताफळ मागून घेतलं होतं. सृष्टीनं का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "माहेरच्या बांधावर हुतं. आमी दोघी त्याच्यावर चढायचो." दोघी म्हणजे त्या आणि धाकटी बहीण गोजरबाई. गोजरबाई बेलापूरला दिलेली. अकरा वर्षांपूर्वी गोजरबाईच्या नातीचं लग्न झालं. पहिली पंगत बसली आणि कुणीतरी आत्याबाईंना म्हणालं, व्याह्यांकडची माणसं बसू द्या, तुम्ही घरच्याच. थोरली बहीण! मानाचं लुगडंही कुणी दिलं नाही. आत्याबाई तशाच उपाशी उठल्या आणि एस.टी.नं घरी आल्या. तेव्हापासून आमच्या घरात बेलापूरचं नाव निघत नाही. फक्त कधीमधी आत्याबाई म्हणतात, "एकदा डोळ्यांनी..." आणि तिथंच थांबतात. पुढचं आम्ही कुणी विचारत नाही.

म्हणून ते सीताफळ पिवळं पडायला लागलं, तेव्हा मी आत्याबाईंना कळू दिलं नाही.

शाळेभर सगळी झाडं टरारलेली, आणि एकटं हेच का? मला कोडं पडलं की झोप येत नाही. मी रोज सकाळी कळशी घेऊन जायचे, पाणी घालायचे आणि बुंध्याशी बसून निरखायचे. कीड नाही. वाळवी नाही. कडूबाई म्हणाली दृष्ट लागली, तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. श्रीमंतअण्णांना दया आली, त्यांनी जाता जाता नळी तिकडे वळवून ठेवली. हे झाड रांगेत पहिलं, नळाजवळ. तेव्हा जो तो परतताना उरलेलं पाणी तिथंच ओतून यायचा. पोरांनी तर आळीपाळी लावली. दुपारी आमचे हे बादली घेऊन जायचे आणि मला वाटायचं ते पारावर गेलेत. एवढी माया करूनही झाड आपलं खालीच मान घालत चाललेलं!

आत्याबाई गुडघ्यांचं कारण सांगून शाळेकडे फिरकत नव्हत्या. संध्याकाळी सृष्टीला विचारायच्या, "कसं हाय गं माजं झाड?"

"मस्त आहे आजी."

मी चुलीकडे तोंड करायचे. गाव सगळं सामील होतं. गुरुजीसुद्धा.

पंधरा ऑगस्टला गुरुजींनी सगळ्या पाट्यांना झेंडूच्या माळा घातल्या. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, शहाण्या माणसाला विचारायचं. आमचा भाचा समर्थ राहुरीला शेतकीचं शिकतो. त्याचा नंबर सापडेना, पण पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर तो आहे. मी झाडाचा छान फोटो काढला. पोरं बुंध्याभोवती माना खाली घालून मुळं बघत होती, तीही आली. फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहायला घेतलं, 'पानं का पिवळी पडतात'... 'पा' लिहिला आणि मोबाईल बंद पडला. चार्जिंग संपलेलं. घरी आले तर लाईट गेलेली. ह्यांचा फोन दुरुस्तीला. मी म्हटलं, काय घाई आहे, उद्या लिहू.

आता तुम्हीच बघा, ग्रुपवर काय गेलं. झाड. पाटी. पाटीवर झुंबरबाईंचा फोटो. फोटोला माळ. भोवती माना खाली घातलेली शाळेची पोरं. आणि ज्यानं टाकला त्याचा फोन बंद!

सकाळी नऊच्या सुमारास गावाच्या वेशीपासून रडण्याचा आवाज आला. एक जीप आणि मागं एक टेम्पो. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून टेम्पोत टोपलंभर भाकरी आणि पिठल्याचं पातेलं. बायका रडत उतरल्या. ते ऐकून आमची आळी धावली. कोण गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण कडूबाईनं विचारपूस नंतर करू म्हणून आधी गळा काढला.

मी घमेल्यानं शेण भरत होते, तशीच पळाले. ओट्यावर आत्याबाई मटकी निवडत बसलेल्या. बायका रडत आपल्या दाराशी येतायत म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला केलं, पदर तोंडावर ओढला आणि रीतीप्रमाणे रडायला सुरुवात केली. कुणासाठी, ते कळेलच पुढं!

सगळ्यांत पुढं एक ठेंगणी म्हातारी होती. डोळ्यांत पाणी, तोंडावर पदर. ओट्यावर जी पहिली म्हातारी दिसली तिच्या गळ्यात ती पडली. पदराला पदर भिडला. आमच्याकडे असंच रडतात. समोरचं तोंड बघायची पद्धत नाही.

"माजी अक्का गं... मला टाकून गेलीस गं..."

"गेली गं बाई..." आत्याबाईंनी साथ दिली.

"चुकलं माजं, अक्का गं... थोरलीला पंगतीतनं उठीवलं गं... त्या दिसापासनं पहिल्या पंगतीला मी बसले न्हाई गं..."

आत्याबाईंचं रडणं थांबलं. मी घमेलं घेऊन उभी, खाली ठेवायचंही सुचेना. त्या म्हातारीचं आपलं चालूच. दर संक्रांतीला निघायची, पण एस.टी. स्टँडवरनं माघारी जायची. अक्का दारात उभी करणार नाही असं वाटायचं. आता दार आहे, पण अक्का नाही.

आत्याबाईंनी आधी स्वतःचा पदर वर केला, मग तिचा.

"गोजरे," त्या म्हणाल्या, "मी जिती हाय. पर तू रड. लुगड्याचं अजून राह्यलंय."

गोजरबाई ओट्यावर मटकन मटकीतच बसल्या. मग दोघी हसल्या, मग दोघी खऱ्याखुऱ्या रडल्या, आणि ते पिठलं-भाकरी आळीनं जी हाणली! पहिल्या पंगतीला दोघी बहिणी शेजारी शेजारी.

मी माझा अपराध कबूल केला. झाडाचा फोटो होता म्हटल्यावर गोजरबाई म्हणाल्या, चला, बघू तरी कुठलं झाड. मी घाईनं कळशी उचलली. पाहुण्यांपुढं झाड जरा टवटवीत दिसावं. मागोमाग आळी, गुरुजी, सत्तावीसच्या सत्तावीस पोरं. आत्याबाईंचे गुडघे कसे कोण जाणे, चांगले चालत होते.

सीताफळासमोर सगळे उभे राहिलो. गुरुजी झेंड्याच्या खांबाकडे बघू लागले. सृष्टीनं माझा पदर धरला.

गोजरबाईंनी फांदी बोटात धरली. कट्‌कन मोडली.

"अक्का, हे तर मेलंय की गं."



"नागपंचमीलाच मेलं," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर येऊन बघून गेल्ते मी. पोरगी रोज मस्त हाय म्हनायची, मग मीबी मस्त म्हनले. हिरमुसली असती." त्यांनी काठी बुंध्याशी टेकवली. काठी चिखलात वीतभर आत गेली. "सारं गाव पाजत हुतं त्याला. पानी पिऊन मेलं बिचारं."

मी हातातली कळशी हळूच मुबारकबी चाचींच्या खुर्चीमागे ठेवून दिली.