रडणाऱ्या लेकरांचा गजूभाऊ

कुणाचं लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं की गजूभाऊच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. लग्नात असो, एसटीत असो. लोक कानांवर हात ठेवतात. हा मान डोलावतो. "काय दम हाये पोट्ट्यात!" सिंदी मेघेत आम्ही त्याच्या शेजारी राहायला आलो तेव्हापासून बघतेय. माझ्या भाचीच्या हातातलं बिस्कीट हा मुद्दाम काढून घेतो, आणि तिनं टाहो फोडल्याशिवाय परत देत नाही.

याच माणसाबरोबर मला काम करावं लागतं. लहान मुलांचा जिवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया रक्तातल्या प्रतिपिंडांवरून लवकर ओळखता येतो का, याचा अभ्यास एका दवाखान्यात चाललाय. जमलं, तर योग्य औषध वेळेत सुरू होईल. पण अभ्यासात ताडून बघायला रक्त दोनदा लागतं: एकदा आजारात, एकदा बरं झाल्यावर. पहिलं मिळतं. दुसरं कोण देतं? धडधाकट लेकराला सुई काऊन टोचायची, हा आईचा प्रश्न रास्तच आहे. तिला समजावायला मी: पत्रकं, फुगे आणि घसा. टोचायला गजूभाऊ. मी घसा फोडून बायका गोळा करते आणि हा पहिल्याच सुईला म्हणतो, "रड बेटा, अजून जोरात." अर्धं अंगण रिकामं.

"अहो, गप्प करा न त्याला," मी म्हणते.

"काऊन? तुह्या बापाचं काय जाते? रडू दे न."

त्यात एखादी आई कौतुकानं म्हणाली, "आमचं मोठं शहाणं हाय, रडतच नाई," की हा तिच्यावरच डाफरतो. माझ्या पत्रकांचं एवढं नुकसान उंदरांनीही केलं नाही.

परवा आर्वीकडच्या एका गावात गेलो. न्यूमोनियातून उठलेला छोटा सोनू, त्याचं दुसरं रक्त. आई महामुश्किलीनं तयार झालेली. "आज तोंड उघडायचं नाही," मी गजूभाऊला बजावलं. त्यानं सुई टोचली.

सोनू गप्प. नुसता टकामका बघत राहिला.

गजूभाऊचा चेहरा उतरला. भरलेली नळी माझ्या हातात कोंबून त्यानं पोराच्या छातीला कान लावला. "हा काऊन नाई रडून राह्यला? ताप हाये का? जेवते का बराबर?" आई घाबरली. तेव्हा मागून आजी म्हणाली, "अवो, मीच सांगतलं त्याले, रडला तं ताई फुगा देत नाई."

गजूभाऊनं माझ्या हातातला फुगा ओढला आणि पाठीमागे लपवला. सोनूनं असा टाहो फोडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आजीनं शिव्या घातल्या. हा मातीत बसून ऐकत राहिला, पोराचं रडणं.

परतताना गाडीवर मी त्याला सुनावायच्या तयारीत होते. मागे न बघता तोच बोलला.

"माही पोरगी लय शहाणी होती, ताई. दवाखान्यात सुई टोचली तं हूं का चूं नाई. रडाले दमच नव्हता, अन् मी तिले शाबासकी देल्ली."

आम्ही सिंदी मेघेत पोचलो. आमच्या दारात भाची कशावरून तरी भोकाड पसरून रडत होती. गजूभाऊनं गाडी बंद केली. मी उतरले, पण तिला लगेच उचललं नाही.